कापसाचा बोळा

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

खोली मिळाली. तिसरा मजला, एकच खिडकी, आणि तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची कोरी भिंत. म्हणजे मला कुणी बघायला नाही आणि मी कुणाला बघायला नाही. तुझ्या पसंतीची. फोन करत होते, पण तो धाकटाच उचलतो आणि भर दुपारी "आत्या झोपलीय" म्हणून ठेवून देतो. म्हणून पत्रावर आले. तूच म्हणायचीस ना, बोलताना माणूस वाहवतो, लिहिताना जरा तरी शहाण्यासारखा वागतो.

काम दातांच्या कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये आहे. मालक बोलघेवडे आहेत. पहिल्याच दिवशी कपाट उघडून म्हणाले, "बघा बाई, या शहरात खरं हसू असेल तर ते इथे. बाकीचे नुसते दात दाखवतात." मी साच्यात मेण ओतते, तुटलेल्या कवळ्या जोडते, गुलाबी हिरड्या घासून चकचकीत करते. घरी गेले तरी नखांतून प्लास्टर निघत नाही.

भिंतीपलीकडे शिवणवाल्या बाई राहतात, आणि त्यांची म्हातारी आई. बाई पन्नाशीच्या असतील. चर्चमध्ये गायनमंडळात उभ्या राहतात, आवाज अगदी गोड. मी आल्या आल्या तापाने पडले तेव्हा गरम दूध घेऊन त्याच आल्या. कपाळावर हात ठेवला. सुईने टोचून टोचून बोटं खरखरीत झालेली, पण मला रडू आलं, आत्या, इतकं बरं वाटलं. परवा त्या आईची वरची कवळी रुमालात घेऊन आल्या. दोन तुकडे. "बेसिनमध्ये पडली गं. धुताना हातातून सटकली." मी मालकांना विचारून ती जोडून दिली.

आता मला जे विचारायचंय ते. भिंत पातळ आहे. दिवसभर मशीनची खडखड चालू असते, तिची मला सवय झाली. पण संध्याकाळी कधीकधी मशीन मधेच थांबतं. मग बाईंचा आवाज चढतो. मग काहीतरी आपटतं. मग आजींचा आवाज, मांजराच्या पिल्लासारखा बारीक. आणि मग पुन्हा मशीन. हल्ली मशीन थांबलं की मी खुर्ची सरकवून उठते, आणि पुन्हा बसते.

मी मुद्दाम ऐकत नाही. ऐकू येतं. ऐकू येणं हेही ऐकण्याइतकंच वाईट का? शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची, हे तू आम्हाला स्वयंपाकघराच्या टेबलावर अक्षरांच्याही आधी शिकवलंस. पण त्या घरात दोघी आहेत. त्यांतली माझी शेजारीण कोणती?

तुझी,
तराजू


१३ फेब्रुवारी

चि. तराजूस आशीर्वाद.

तुला हे नाव ठेवलं ते उगीच नाही. धाकट्याबरोबर बिस्कीट वाटून घेताना तू चुरासुद्धा मोजायचीस. आता पापाचा चुरा मोजायला बसलीस. अगं, ताप आला होता तर कळवलं का नाहीस? ते सोडून पानभर आवाजांचं वर्णन.

कापसाची बरणी विसरलीस वाटतं. धाकट्याची चुगली घेऊन तू माझ्याकडे धावत यायचीस, तेव्हा मी काय करायचे? "डोळ्यांनी पाहिलंस? नाही ना? मग कान झाक." दोन बोळे काढून तुझ्या कानांत घालायचे, आणि तुझी चुगली केली की त्याच्या. आई-बाप नसलेली तुम्ही दोन पोरं कापूस घालून टेबलाशी गप्प बसायचात, टपालपेट्या जशा. हसू नकोस. त्या बरणीमुळे आपल्या घरातून कधी कुणाची निंदा उंबरा ओलांडून गेली नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, अशी आज्ञा आहे. ती मोडू नये म्हणून मी सोपा मार्ग काढला होता. साक्षच देऊ नये. ना खरी, ना खोटी.

भिंतीपलीकडचं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात न विचारता हात घालणं. कापूस घाल आणि झोप. आणि ती बाई दूध घेऊन आली होती हे लक्षात ठेव. उपकार ज्या हाताने आला त्या हाताचा हिशेब मागू नये.

धाकटा बरा आहे. गोदामातलं काम सुटलं, त्यामुळे घरीच असतो. पुरुषमाणूस घरी बसला की घर लहान होतं, त्यात त्याचा काय दोष. मी माझा पलंग मागच्या सामानाच्या खोलीत हलवलाय, म्हणजे त्याला पाय पसरायला जागा. उजेड जरा कमी आहे. पण मला आता नवीन वाचायचं काय उरलंय, बरंचसं पाठच आहे.

तुझी,
आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

कापूस घालते. लॅबमधून आणला, मालकांना विचारूनच. ते म्हणाले, "कापसाच्या बोळ्यासाठी परवानगी मागणारा माणूस मी आजवर फक्त प्रवचनात ऐकला होता." बोळे घातले की मशीनची खडखड लांबच्या गाडीसारखी येते, आणि थांबली तरी कळत नाही. बरं वाटतं. बरं वाटतं हेच मला खुपतं.

कवळी पुन्हा तुटली. बाईच घेऊन आल्या, तोच रुमाल. मी म्हटलं, "पुन्हा बेसिन?" त्या हसल्या. "म्हातारपणी हात कापतात गं. तुझीही आत्या आहे ना घरी? तिचं कोण बघतं?"

"माझा भाऊ."

"नशीबवान आहे," त्या म्हणाल्या. "पुरुषांना सहसा जमत नाही हे."

मला अभिमान वाटला, खरंच. धाकट्याला सांग.

पण आत्या, ही कवळी मी लॅबमध्ये दिव्याखाली धरली. बेसिनमध्ये पडलेली कवळी बहुधा मधोमध दुभंगते, पुढच्या दोन दातांच्या फटीतून. ही सुळ्याजवळून तिरकी गेली होती, आणि एक दाढ जागेवरून निखळली होती. मालकांनी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "ही तोंडात असताना तुटलीय," म्हणाले. मग लगेच चष्मा वर सारून, "जाऊ दे. आपण डॉक्टर नाही आणि पोलीसही नाही. जोड."

मी जोडली. भेग रुंद केली, भुकटी आणि द्रव घालून भरली, घासली, इतकी छान की कुठे तुटली होती हे मलाही शोधावं लागलं. आणि मग वाटलं, मी नक्की काय पुसून टाकलं?

वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची ती बायबलमधली गोष्ट तू दर रविवारी सांगायचीस आणि विचारायचीस, "आज तू यात कोण?" मी नेहमी मदत करणारी व्हायचे, धाकटा नेहमी जखमीला वाहून नेणारं गाढव. पण त्या गोष्टीत मदत करणारा येतो तेव्हा चोर निघून गेलेले असतात. त्याला फक्त जखमा बांधायच्या असतात. चोर अजून तिथेच असते, आणि त्यांतलाच एक आपल्याला तापात गरम दूध आणून देणारा असता, तर त्याने काय करायचं होतं? हे तू कधी सांगितलं नाहीस. आम्हीही विचारलं नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घालू का? फक्त एवढंच की त्या घरी जरा जाऊन या. तू हो म्हणालीस तर जाईन.

तुझी,
तराजू


१२ मार्च

चि. तराजूस,

नाही. जाऊ नकोस.

तू पाळकसाहेबांना सांगशील, ते बायकोला सांगतील, बायको गायनमंडळाला. रविवारी ती बाई गायला उभी राहिली की सगळं चर्च तिच्या हातांकडे बघेल. यात प्रीती कुठे आली? तू म्हणतेस त्या घरात दोघी आहेत. मग दुसरीचंही ऐक. घरोघरी मातीच्याच चुली. म्हातारी माणसं काही देवदूत नसतात, बाई. एकच गोष्ट चारदा विचारतात, चहा सांडतात, नळ चालू ठेवून विसरतात. दमलेल्या माणसाचा हात उठतो. मागाहून तोच हात पाण्याचा पेला आणून देतो, आणि पेला देताना थरथरत असतो. मला माहीत आहे. म्हणजे, असं असतं.

आणि ज्याला आपण अंगाखांद्यावर खेळवलं त्याचं नाव चारचौघांत खराब व्हावं, असं कुठल्या आईला वाटेल? त्या आजींनाच विचारून बघ. त्या नाहीच म्हणतील. त्यांना नको असलेली मदत त्यांच्या गळ्यात मारायची, ही तुझी हौस झाली, प्रीती नव्हे. क्षमा करायची ती मोजून नाही, हेही त्याच टेबलावर शिकवलं होतं मी.

अक्षराला हसू नकोस. डावा हात बांधलाय, त्यामुळे कागद धरता येत नाही, तो टेबलभर फिरतो. दारात सापडला, दुसरं काही नाही. धाकट्याला तुझा निरोप दिला. त्या दिवशी तो जेवला नाही.

तुझी,
आत्या


२८ मार्च

प्रिय आत्या,

आधी तुझा हात. दारात कसा सापडला? तू फार घाई करतेस. मी धाकट्याला वेगळं पत्र टाकलंय, की आत्याला एकटीला दारंखिडक्या करू देऊ नकोस, जिन्यावर तिचा हात धरून ने. विसराळू आहे तो, पण मनाने लोणी.

पाळकसाहेबांकडे गेले नाही. तू म्हणालीस म्हणून. आणि खरं सांगू, तू नको म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

कवळी तिसऱ्यांदा तुटली, आता जोडण्यापलीकडे. नवीन करायची तर तोंडाचा ठसा हवा. ते काम दातांच्या डॉक्टरांचं, माझं नाही. पण बाई म्हणाल्या, "आईला जिना उतरवत नाही, आणि डॉक्टर काही वर चढून येत नाही." मालकांनी सामान दिलं आणि तोंड फिरवलं. मी गेले.

पहिल्यांदाच त्यांच्या घरात पाऊल टाकलं. घर लख्ख. खिडकीशी मशीन, घड्या घातलेले कपडे, प्रत्येकावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचलेली. आजींची खुर्ची मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. उजेडाने त्यांचे डोळे दुखतात, बाई म्हणाल्या. बसल्यावर माझ्या लक्षात आलं, ती माझीच भिंत. पलीकडच्या बाजूला माझी खुर्ची. इतके दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसत होतो, मधे फक्त विटांचा एक थर.

आजींच्या जबड्यावर पिवळट हिरवा डाग होता. हिरडी सुजलेली. मी लगदा कालवला, साच्यात भरला, तोंडात बसवला. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नसतं. तेवढ्यात दारावर गिऱ्हाईक आलं आणि बाई बाहेर गेल्या.

त्याच क्षणी आजींनी माझं मनगट धरलं. इतका जोर त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. तोंड भरलेलं, त्यातून घशातला आवाज येत होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. मला समजलं, आत्या. त्यांना माहीत होतं पलीकडे कोण बसतं ते.

आणि मी काय म्हणाले? "बोलू नका आजी, ठसा बिघडेल."

त्या गप्प झाल्या. लगेच. गप्प बसायची सवय असलेल्या माणसासारख्या. बाई परत आल्या, "त्रास देतेय का?" म्हणाल्या आणि आईच्या हनुवटीवरची लाळ पदराने पुसली, अगदी हळुवार हाताने.

ठसा उत्तम आला. हिरडीची रेघन् रेघ उमटलीय त्यात. मालक खूश झाले. मला सांग, साचा काढून "काय म्हणताय आजी?" असं विचारायला किती वेळ लागला असता?

तुझी,
तराजू


७ एप्रिल

चि. तराजूस,

थोडक्यात लिहिते. धाकटा बाहेर गेलाय तोवर.

म्हातारी माणसं मनगट धरतात. आधाराला धरतात. मीही धरते. त्याचे अर्थ लावत बसू नकोस.

धाकट्याला ते पत्र नको होतं लिहायला. त्याला वाटलं मी तुझ्याकडे गाऱ्हाणं केलं. आता आलेली पत्रं आधी तो वाचतो. वाचू दे, त्याचं शुद्धलेखन तरी सुधारेल. पण तू यापुढे खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या पत्त्यावर पाठव. भल्या आहेत. माझी पत्रं टाकतात, आलेली हातात देतात, आणि कधी काही विचारत नाहीत.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे तुटलेली कवळी टपालाने पाठवली तर चालते का? इथल्या एका ओळखीच्या बाईंना हवंय.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

आजी गेल्या.

स्वयंपाकघरात पडल्या, असं सांगितलं गेलं. मला कळलं ते बाईंनी माझ्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या तेव्हा. त्याआधी काय झालं, मशीन थांबलं होतं की नाही, किती वेळ थांबलं होतं, मला माहीत नाही. माझ्या कानांत कापूस होता. दार उघडतानाही होता. बाईंचे ओठ हलताना दिसले आणि मग मी बोळे काढले.

दवाखान्यात मी बरोबर गेले. एका नर्सने मला बाजूला घेतलं. "तुम्ही शेजारच्या ना? त्या घरातून कधी काही ऐकलंत?"

मी म्हटलं, "मी काही पाहिलं नाही."

"ऐकलंत का, विचारतेय."

"मी काही पाहिलं नाही."

तिने पेन खिशात ठेवलं. माझा एकही शब्द खोटा नव्हता, आत्या. तुझ्या टेबलावर मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

नवीन कवळी तयार होती, द्यायची राहून गेली होती. मालक म्हणाले, "बसव जा. म्हाताऱ्या बाईला रिकाम्या तोंडाने पाठवू नये." मी बसवली. माझ्या हातून इतकी चपखल बसलेली दुसरी कवळी नाही.

दफन झाल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या, भिंतीवर हात ठेवला, त्यांच्या बाजूने नव्हे तर माझ्या बाजूने.

"तुला सगळं ऐकू यायचं ना?" त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. मला तुझी खुर्ची सरकलेली ऐकू यायची. हात उचलला की मी ऐकायचे, आता तू उठशील, आता तू दार वाजवशील. तू दार वाजवलं असतंस तर मी थांबले असते. मला लाज वाटली असती. मला नुसती लाज वाटायला हवी होती गं, कुणीतरी लाज वाटू द्यायला हवी होती."

मग म्हणाल्या, "तुला ताप होता तेव्हा मी आले होते की नाही?"

आत्या, मी इतके महिने दोघींना तोलत बसले. एकीची बाजू घेतली तर दुसरीवर अन्याय, म्हणून काटा मधे धरून ठेवला. आणि दोघींसाठी करायचं काम एकच होतं. दार वाजवायचं. आजींवर प्रीती करायची तरी तेच, बाईंवर करायची तरी तेच. उठलेला हात धरणं ही त्या हातावरचीही दया असते, हे आपल्या टेबलावर कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात परत गेले आणि त्या नर्सला सगळं सांगितलं, ऐकलेलं, कवळीचं, मनगटाचं. "आता?" ती म्हणाली. "माती दिल्यावर?" पण लिहून घेतलं. काल पोलीस बाईंना घेऊन गेले. जिना उतरताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मशीनवर कापड झाकायला सांगितलं, धूळ बसते म्हणून. मी झाकलं. रविवारी माझ्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. पलीकडून आता काहीच आवाज येत नाही, कापूस लागत नाही, तरी मला झोप येत नाही.

तू सांगशील मी काय करायला हवं होतं? की तुझ्याकडे अजून तेच उत्तर आहे?

तराजू


३० एप्रिल

चि. तराजूस,

तुझं पत्र पोचलं. त्या आजींसाठी प्रार्थना केली, बाईंसाठीही. कापूस मी दिला होता. त्यावर मला सध्या काही लिहायला सुचत नाही. सुचलं की लिहीन.

सोबत डबीत माझी वरची कवळी पाठवतेय. ती ओळखीची बाई म्हणजे मीच, असो. बेसिनमध्ये पडली गं. धुताना हातातून सटकली. घाई करू नकोस, मऊ पाव चहात बुडवून भागतं माझं. वाटेत आणखी तुटू नये म्हणून बरणीतल्या कापसात गुंडाळलीय. शेवटचाच होता.

इकडे येण्याचं मनात आणू नकोस. जागा नाही. आणि धाकट्याचं मन सध्या ठिकाणावर नाही. काम लागलं की येईल ताळ्यावर. लहानपणी तुझ्या ताटातलं न विचारता कधी घेतलं नाही त्याने, आठवतंय ना? ते लक्षात ठेव. दुसरं काही नको लक्षात ठेवू.

आत्या


५ मे

प्रिय आत्या,

डबी लॅबमध्येच उघडली. कापूस बाजूला केला. मालक मागून बघत होते. त्यांनी दिवा माझ्या बाजूला वळवून दिला.

तुझी कवळी मधोमध तुटलेली नाही. सुळ्याजवळून तिरकी गेलीय. आणि कडेला आतल्या बाजूला रक्त सुकलेलं आहे, जिथे धुताना तुझं बोट पोचलं नाही. आत्या, "बेसिनमध्ये पडली गं, धुताना हातातून सटकली" हे वाक्य मी आधी ऐकलंय. शब्दही तेच.

मग तुझी सगळी पत्रं काढून बसले. मागची खोली. बांधलेला हात. पेला आणून देणारा, थरथरणारा हात. तू मला आजींबद्दल सांगतेयस असं मला वाटत होतं, आणि तू पानापानावर माझं मनगट धरत होतीस. आणि मी तुला लिहिलं की धाकट्याला हात धरायला सांग. लोणी म्हटलं त्याला. त्याचं नाव घेऊन अभिमानाने मान ताठ केली, आणि वर त्याला पत्र टाकून तुझं आणखी वाढवून ठेवलं.

एक गोष्ट तू अर्धीच शिकवलीस. स्वतःसारखी, असं म्हटलंय त्या आज्ञेत. माप म्हणून स्वतःला धरायला सांगितलंय. तू ते माप कधी हातात घेतलंच नाहीस. स्वतःला वगळून सगळ्यांना वाटत राहिलीस. आणि आम्ही दोघं पोरं समोर बसून तेच शिकलो. मी शिकले की ऐकायचं नाही. धाकटा शिकला की कुणी ऐकत नाही.

कवळी मी जोडलेली नाही. जोडणारही नाही, तुला कुणा डॉक्टरने बघेपर्यंत. ती मी आहे तशी घेऊन येतेय, कारण विचारणाऱ्याला ती दाखवावी लागेल. रागावशील. रागाव.

तो माझा भाऊ आहे. त्याला मी बिस्किटाचा चुरा समान वाटून दिलाय. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली तर देईन, आणि खरी देईन. देऊन झाल्यावर त्याच्याच शेजारी जाऊन बसेन, कारण तिथे दुसरं कुणी बसणार नाही. हे कसं जमेल मला ठाऊक नाही. बाईंना भेटायला गेले होते काल. त्या जाळीपलीकडून म्हणाल्या, "उशीर केलास, पण आलीस." एवढंच. त्याच्याकडे उशीर करायचा नाही.

हे पत्र खालच्या बाईंकडे येईल. त्यात त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी घातलीय. त्या भल्या आहेत, काही विचारत नाहीत, मला कल्पना आहे, मीही तशीच भली होते. त्यांना लिहिलंय: वरून आवाज आला तर वर जा. साखर मागायला जा, घड्याळात किती वाजले विचारायला जा, काहीही निमित्त चालेल, पण दार वाजवा.

मालकांनी सुट्टी दिली. उद्या सकाळच्या गाडीने निघते. कदाचित पत्राच्या आधी पोचेन, कदाचित नंतर. मधल्या वेळेचा विचार नको म्हणून पिशवी आताच भरून दाराशी ठेवलीय. काल मशीनवरचं कापड काढून बघितलं. सुईखाली अर्धी शिवण तशीच आहे.

मी येऊन दार वाजवेन, आत्या. धाकट्याने उघडलं नाही तर वाजवत राहीन. सगळा जिना दारात येऊन उभा राहीपर्यंत वाजवत राहीन.

तुझी,
भाची